पहिल्या टँकरची नोंद

बंगळूर,
११ नोव्हेंबर २००६

ती. रामचंद्रकाका,

नमस्कार सुरुवातीलाच घालून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून रागावलात तरी आशीर्वाद द्यावाच लागेल.

मी तुम्हाला तीन ई-मेल पाठवल्या. तुमच्या गावच्या परेशने त्याच्या सायबर कॅफेतून फोन करून सांगितलं की स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात, फरशी बसवल्यासारखे ओळीने. त्याच्या कॉम्प्युटरला मराठी दिसत नाही. ते सुरू कसं करायचं हे मी त्याला पाऊण तास फोनवर सांगितलं, आणि शेवटी विंडोजची सीडी घाला असं आल्यावर त्याला सीडी सापडेना. म्हणून हे पत्र. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि पोस्टाच्या पेटीत पत्र टाकते, हे ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही.

काम असं आहे. इंटरनेटवर लोककोश नावाचा मराठी ज्ञानकोश सुरू झालाय. त्यात कोणीही लिहावं, आणि दुसऱ्याचं चुकलं असेल तर कोणीही सुधारावं. आम्ही वीस-पंचवीस जण ऑफिस सुटलं की त्यातच असतो. परवा मी उमेळ्याचं पान उघडलं. त्यावर एकच ओळ: 'उमेळे हे ठाणे जिल्ह्यातील वसई तालुक्यातील एक गाव आहे.' मला वाईट वाटलं. पुढे काही लिहावं म्हणून बसले तर मलाही काही येईना. माझ्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या तुमच्या वाडीत गेल्या, आणि पानवेलींना पाणी कसं द्यायचे किंवा वाड्या का गेल्या, हे मला नीट सांगता येत नाही.

तुम्ही कागदावर लिहा, टाइप मी करते. बाबा म्हणतात, गावाबद्दल दादाइतकं कोणाला माहीत नाही. जयवंतीकाकूला नमस्कार.

तुमची
क्षितिजा


उमेळे,
२९ नोव्हेंबर २००६

चि. क्षितिजा,

आशीर्वाद घे. रागावलो नाही, हसलो. कोणीही लिहावं आणि कोणीही पुसावं याला ज्ञानकोश म्हणतात हे मला नव्याने कळलं. आमच्याकडे त्याला पारावरच्या गप्पा म्हणतात. पण तुझा बाप कृष्णा माझी स्तुती करतो हे चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं, तेव्हा लिहिणं भाग आहे.

सोबत फुलस्केपची सहा पानं आहेत. केळीच्या जाती लिहिल्या आहेत, मोगऱ्याच्या गजऱ्यांचा व्यापार लिहिला आहे, रहाट आणि पाट कसे चालायचे ते चित्र काढून दाखवलं आहे. चित्र तुझ्या काकूला आवडलेलं नाही. बैल कुत्र्यासारखा झालाय म्हणते.

वाड्या का गेल्या ते शेवटच्या पानावर आहे. पाणी खारं झालं म्हणून गेल्या. तुळिंजकडे इमारती उठल्या, त्यांना नळ नव्हते, आणि टँकर आमच्या विहिरी उपसायला लागले. गोडं पाणी उपसलं की खाडीचं पाणी आत येतं. उमेळ्यात पहिला टँकर १९९१ साली भरला, तो आमच्या बांधावरच्या सामाईक विहिरीवर. आग्नेलने भरू दिला. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात नवीन काही नाही.

आग्नेल लोपीस तुला आठवत असेलच. शेजारची वाडी त्याची. विहीर आजोबांच्या वेळेपासून निम्मी त्याची, निम्मी आपली. रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतो. आत्ताही समोर बसलाय आणि विचारतोय, एवढं काय लिहितोस. म्हटलं, पुतणीला पत्र.

तुझा
रामचंद्रकाका


बंगळूर,
८ जानेवारी २००७

ती. काका,

उमेळ्याचं पान परवा शनिवारी चढवलं. लोककोशावर आता वसई तालुक्यातलं सगळ्यात मोठं पान आपलं आहे, वसई शहरापेक्षाही. बैलाचं चित्रसुद्धा घातलं, काकूला सांगा.

थोडी भांडाभांडी झाली. आमच्यात जितेंद्र नावाचा एक आहे. नागपूरचा, मी कधी पाहिलेला नाही, पण फार कडक. त्याने तुमच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे 'संदर्भ हवा' असा शिक्का मारला. पुस्तक दाखवा, पेपर दाखवा. मी त्याला लिहिलं की माझे काका त्या विहिरीचे अर्धे मालक आहेत, त्यांच्याहून मोठा संदर्भ कुठून आणू?  त्याने शिक्के मात्र ठेवलेत.

टँकरचं वाक्य मी जरा नीटनेटकं केलं: '१९९१ मध्ये आग्नेल लोपीस यांनी आपल्या विहिरीवर गावातील पहिला पाण्याचा टँकर भरू दिला.' बाकी तुमचंच.

तुमचं अक्षर अजूनही छापल्यासारखं आहे. टाइप करताना मला माझ्या कीबोर्डची लाज वाटत होती, त्याला ज्ञकार उमटवायला चार बटणं लागतात.

तुमची
क्षितिजा


उमेळे,
२० जून २००७

चि. क्षितिजा,

बरेच दिवसांनी लिहितोय. एक काम कर, लगेच कर. ते टँकरचं वाक्य काढून टाक.

झालं असं की मे महिन्यात एका मोठ्या पेपरच्या पुरवणीत वसईच्या खाऱ्या विहिरींवर अर्धं पान आलं. त्यात आग्नेलचं नाव, आडनावासकट, तुझंच वाक्य. कोणीतरी ते कात्रण रविवारी मिस्सेला घेऊन गेलं. चर्चच्या आवारात हातोहात फिरलं. त्याचा युजीन मस्कतला असतो, त्याने तिकडे इंटरनेटवर तुमचं पानही वाचलं आणि बापाला फोन केला. पप्पा, तुम्ही असं केलं होतं का म्हणून विचारलं.

गेले तीन आठवडे आग्नेल ओट्यावर आलेला नाही. मी दोनदा फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. माणूस दुखावलाय. त्याचं वय आता सत्तर आहे, माझंही तेवढंच आहे. एका ओळीने तुमच्या कोशाचं काही अडणार नाही.

तुझा
काका


बंगळूर,
४ जुलै २००७

ती. काका,

पत्र मिळालं त्याच दिवशी वाक्य काढलं. दहा मिनिटांत जितेंद्रने परत घातलं, आणि आता त्यापुढे 'संदर्भ हवा' नाही. त्या पेपरचं नाव, तारीख आणि पान क्रमांक आहे. मी पुन्हा काढलं, त्याने पुन्हा घातलं. मग त्याने मला विचारलं, वाक्य खोटं आहे का? मी काय सांगणार? तुम्ही तसं म्हणालाच नाहीत. माणूस दुखावलाय एवढंच म्हणालात.

तुम्हाला आवडणार नाही, पण मला वाटतं जितेंद्रचं बरोबर आहे. आग्नेलअंकलबद्दल मला माया आहे, त्यांनी मला लहानपणी सायकल शिकवली. पण ज्याला ज्याला वाईट वाटेल ते ते पुसत बसलो तर त्या पानावर पुन्हा ती एकच ओळ उरेल. पाणी विकल्यामुळे गावच्या वाड्या मेल्या. कोणीतरी ते पहिल्यांदा केलं. ते तुम्ही बघितलं आणि लिहिलं, यात चुकीचं काय आहे? गावात कोणी तुमच्यावर दडपण आणत असेल तर तसं स्पष्ट कळवा. इथे आम्ही कोणाच्या दडपणाने काही काढत नाही.

जरा कडक लिहिलंय, माफ करा.

क्षितिजा


उमेळे,
१३ ऑगस्ट २००७

चि. क्षितिजा,

दडपण वगैरे काही नाही. तू आता मोठी झालीस, हे मात्र कळलं.

तू करत नाहीस तर मी करतो म्हणून परेशच्या कॅफेत गेलो. त्याच्याकडे आता मराठी दिसतं, त्याने कुठूनतरी सीडी मिळवली. चार दिवस सकाळी जाऊन बसलो. पहिल्या दिवशी पासवर्ड घेतला आणि दुसऱ्या दिवशी तो मला आठवेना. मग कॉम्प्युटरने विचारलं, तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय. लिहिलं, तर म्हणे चूक. माझी शाळा मला माहीत नाही असं एक यंत्र मला सांगतं. तिसऱ्या दिवशी एकदाचा आत शिरलो, वाक्य निवडलं आणि पुसलं, तर अर्धं पान गेलं. केळी गेली, मोगरा गेला. परत आणायला गेलो तर तिसराच मजकूर आला. चौथ्या दिवशी उघडलं तर सगळं जागच्या जागी होतं, ते वाक्यसुद्धा, आणि वर माझ्यासाठी लाल पट्टी: 'उपद्रवी संपादनामुळे आपल्याला एक महिन्यासाठी प्रतिबंधित करण्यात आले आहे.' परेशने ते सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं.

जन्म उमेळ्यात गेला आणि उमेळ्याच्या पानावर मी उपद्रवी. तुमच्या कोशाला गावातल्या माणसाचं ऐकू येत नाही, मुंबईच्या पेपराचं मात्र येतं. त्या पेपरवाल्याला विचार की तो कधी आमच्या विहिरीवर आला होता.

ते वाक्य चूक आहे. मी सांगतो म्हणून चूक आहे.

काका


बंगळूर,
२ सप्टेंबर २००७

ती. काका,

त्या पेपरवाल्याला मी खरंच विचारलं. ऑफिसातून फोन लावला. तो माणूस प्रामाणिक निघाला, म्हणाला, मी वसईला गेलोच नाही, लोककोशावरून घेतलं. म्हणजे आपण लिहिलं, ते त्याने छापलं, आणि त्याने छापलं म्हणून आता आपलं खरं ठरलं. हे मी जितेंद्रला कळवलं. मग त्याने पेपरचा संदर्भ काढला आणि तुमची बंदी उठवली. तुमची माफी मागायला सांगितलं आहे. माझीही त्यात धरा. मी तुम्हाला शहाणपण शिकवत होते.

पण काका, वाक्य अजून तिथेच आहे, कारण त्याच्या जागी काय लिहायचं ते तुम्ही सांगितलेलं नाही. चूक आहे म्हणता. मग टँकर कोणी भरू दिला? मी बाबांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, दादाला विचार, आणि लगेच आईकडे फोन दिला. बाबा असं कधी करत नाहीत.

वाट बघते.

क्षितिजा


उमेळे,
१० ऑक्टोबर २००७

चि. क्षितिजा,

तू विचारलंस, म्हणून उत्तर देतो. टँकर मी भरू दिला.

१९९१चा सप्टेंबर. आग्नेल बायकोला घेऊन वेलंकणीला गेला होता, दरवर्षी जायचा. विहिरीची किल्ली, म्हणजे पंपाच्या खोलीची, माझ्याकडे ठेवून गेला. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी टँकरवाला आला. म्हणाला, पाणी द्या, मी तुम्हाला पाच हॉर्सपॉवरची नवी मोटर बसवून देतो. तेव्हा गावात कोणाकडे पाचची मोटर नव्हती. अडचण कसलीच नव्हती मला, घर व्यवस्थित चाललं होतं. फक्त ती मोटर हवी होती. आज लिहितानाही कारण म्हणून दुसरं काही सापडत नाही.

आपली गल्ली अरुंद आहे, टँकर आत येईना. आग्नेलच्या बाजूने वाट रुंद, म्हणून टँकर त्याच्या फाटकात उभा राहायचा. लोकांनी तिथे पाहिला आणि त्याचंच नाव घेतलं. आग्नेल परत आला तोवर गावात त्याचं नाव झालेलं होतं. मला येऊन विचारलं. मी म्हटलं, आठच दिवसांचं आहे. पुढची चार वर्षं टँकर येत राहिले, आपल्याकडे आणि मग सगळ्यांकडेच. पानवेली पिवळ्या पडल्या. त्याच्याही, माझ्याही. लोक त्याला तोंडावर बोलायचे, मी शेजारी उभा असायचो. त्याने एकदाही माझं नाव सांगितलं नाही. कृष्णाला ठाऊक आहे, कारण तो त्या आठवड्यात इथे आला होता.

तू लिहायला सांगितलंस तेव्हा मला खरं लिहिता आलं असतं. टँकरचं लिहिलंच नसतं तरी चाललं असतं. पण सहा पानं भरात लिहून झाली होती, आणि तू वाचणार होतीस. तुझ्यापुढे मला चांगलं दिसायचं होतं. गाव म्हणतं तेच लिहिलं, मी वेगळं काय केलं, अशी मनाची समजूत घातली.

गेल्या आठवड्यात आग्नेलकडे गेलो. तो अळवाला पाणी घालत होता, नळाचं. सगळं सांगितलं, हेही सांगितलं की पुतणीला लिहून पाठवणारा मीच. तो आमच्या बोलीत बोलला, मी तुला कळेल असं लिहितो. म्हणाला, "गाव मला सोळा वर्षं बोललं. तू कधी बोलला नाहीस. मी समजायचो, याला आत लागलंय, याला तोंड उघडवत नाही. त्या एका गोष्टीवर मी तुझ्या ओट्यावर येत होतो, रामचंद्र. आणि मी समोर बसलेलो असताना तू लिहिलंस."

मी परत फिरलो. 

तुमच्या जितेंद्रला छापील संदर्भ लागतो. वसईच्या साप्ताहिकात माझ्या सहीचं पत्र दिलं आहे, या आठवड्यात छापून आलं. अंक सोबत पाठवतो. तुझी काकू दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तिलाही माहीत नव्हतं.

काका


बंगळूर,
५ नोव्हेंबर २००७

ती. काका,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं आणि उत्तर पाच वेळा फाडलं.

वाक्य बदललं. आता असं आहे: '१९९१ मध्ये रामचंद्र राऊत यांनी लोपीस व राऊत कुटुंबांच्या सामाईक विहिरीवर, आग्नेल लोपीस यांच्या अनुपस्थितीत, पहिला टँकर भरू दिला.' पुढे साप्ताहिकाचा अंक. जितेंद्रने काही न विचारता मान्य केलं. बदलायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचंच मला वाईट वाटतं.

तुमच्यावर रागावले आहे का, असं काकूने फोनवर विचारलं. रागावले आहे. पण मीही काही कमी नाही. तुम्ही 'आग्नेलने' लिहिलं होतं, मी त्याला आडनाव लावलं. जगात कोणालाही सापडेल असं केलं. सायकलचा दांडा धरून माझ्यामागे धावणाऱ्या माणसाला एकदा फोन करून विचारावं, अंकल, हे असंच होतं का, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. संदर्भ मागायला आम्ही फार हुशार. आता फोन करायचा धीर होत नाही. मस्कतला युजीनला मेल केली. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, 'कळलं.'

आग्नेलअंकल आता येतात का ओट्यावर?

क्षितिजा


उमेळे,
१८ मार्च २००८

चि. क्षितिजा,

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला चार महिने लागले, कारण येतो असं लिहायची वाट बघत होतो. येत नाही. रस्त्यात भेटला तर थांबतो, काकूची चौकशी करतो. गावात आता त्याला कोणी बोलत नाही. मलाही फारसं कोणी बोलत नाही, लोकांना आता विहिरींचं काही राहिलेलं नाही. निम्मं गाव नवीन आहे.

गेल्या मंगळवारी तो आपणहून फाटकात आला. म्हणाला, ते कॉम्प्युटरवरचं मला दाखव. आम्ही दोघं चालत परेशकडे गेलो. परेशने पान काढून दिलं, मी त्याला वाक्य वाचून दाखवलं. माझं नाव होतं, त्याचं नाव नीट होतं. त्याने मान हलवली. मला वाटलं, आता उठेल आणि परत जाताना ओट्यावर टेकेल.

तो उठला नाही. परेशला विचारलं, आधी होतं ते कुठे गेलं? परेश म्हणाला, जात नाही अंकल, सगळं मागे साठवलेलं असतं, आणि त्याने वरती 'इतिहास' असं लिहिलं होतं तिथे दाबलं. भली मोठी यादी आली. तारखा, वेळा, कोणी काय लिहिलं आणि कोणी काय पुसलं. माझं उपद्रवी सुद्धा. परेश खाली खाली गेला आणि जवळजवळ तळाचं उघडलं. जसंच्या तसं होतं ते वाक्य. ६ जानेवारी २००७. पुढे लिहिणाऱ्याचं नाव.

आग्नेलने चष्मा पुसून ते नाव वाचलं. "क्षितिजा," म्हणाला. मी म्हटलं, "तिने नुसतं टाइप केलं. लिहिलं मी." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचा आवाज चढला नाही, परेशला बहुतेक ऐकूही गेलं नसेल. म्हणाला, "तेव्हा तुला लपायला माझं फाटक होतं. आता पोरीचं नाव."

परतताना ओट्यापर्यंत आलो. तो त्याच्या वाटेने वळला.

क्षितिजा, त्या तारखेपुढचं तुझं नाव काढून तिथे माझं घालता येईल का? परेशला विचारलं, तो म्हणतो ते कोणालाच बदलता येत नाही. त्याला सगळंच कळतं असं नाही, म्हणून तुला विचारतो. तू त्या लोकांना चांगली ओळखतेस. जितेंद्रला माझं नाव सांगून विचार.

तुझा
रामचंद्रकाका